बागेकडे जाणारी फरशी

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीवर लावतात तो नव्हे आणि नाटक सुरू होताना वर जातो तोही नव्हे. मी फोटो काढण्याच्या दुकानातला रंगवलेला पडदा. माझ्यासमोर माणसे उभी राहतात, अंग आखडून घेतात, श्वास रोखतात आणि 'झालं' असे कानावर पडले की सुटल्यासारखी हसतात. फोटोत मात्र ती आखडलेलीच येतात. त्यांच्या मागे जी बाग दिसते, ती बाग म्हणजे मी.

माझी जाडी विचाराल तर तुमच्या सदऱ्याच्या बाहीपेक्षा थोडी जास्त. तरीही माझ्यात एक दालन आहे, दालनाला उघडे दार आहे, दारापलीकडे बाग आहे, बागेतून वळत गेलेली वाट आहे आणि वाटेच्या टोकाला निळसर डोंगर आहेत. एवढा सगळा पसारा एका कापडात कसा मावला, याचे मला अजूनही नवल वाटते. मी स्वतःला कधी पाहू शकलो नाही. जे काही कळले, ते माझ्याकडे पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून कळले. त्यांतला सर्वांत जास्त पाहिलेला चेहरा मला रंगवणाऱ्या बाईचा. म्हणून ही गोष्ट माझी कमी आणि तिची जास्त आहे.

तिला सगळे आत्या म्हणत. ती फोटोग्राफरची धाकटी बहीण. त्याच्या मुलीची ती आत्या, म्हणून हळूहळू सगळ्या गल्लीची आत्या झाली. फोटोग्राफरला ती दादा म्हणे. दादा मात्र तिला चिमणी म्हणे, कारण ती चणीने लहान होती आणि एका जागी स्थिर बसणे तिला ठाऊक नव्हते. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या जाहिराती, गाड्यांवरची नावे, जे मिळेल ते ती रंगवी. तिची अक्षरे वळणदार होती, पण तिचा जीव अक्षरांत नव्हता. तिला लांब जाणारे काहीतरी काढायचे होते. दादाने दुकान थाटले तेव्हा पडदा विकत आणण्याचा विषय निघाला आणि आत्याने तो तिथल्या तिथे मोडीत काढला. पडदा मीच रंगवणार, म्हणाली.

मी मुळात मांजरपाटाचे तुकडे. शिंप्याने ते जोडले, आत्याने मला दुकानाच्या मागच्या भिंतीवर ताणून बसवले आणि सरस व खडूची पूड कालवून माझ्यावर लेप दिला. वाळल्यावर मी टणक झालो. माझी एक शिवण नेमकी मधोमध येत होती. आत्याने तिथे एक झाड काढले आणि शिवण त्याच्या खोडात लपवून टाकली. आजवर ती कुणाला दिसलेली नाही. ही गोष्ट मी पहिल्यांदाच फोडतो आहे, तेव्हा जरा सांभाळून.

रंगवताना ती स्वतःशी बोलत असे. डोंगर काढताना म्हणाली, लांबचे सगळे फिके, जणू कुणी पुन्हा पुन्हा धुतलेले. मग हिरव्यात निळा आणि पांढरा मिसळून तिने डोंगराला मागे ढकलले. दाराच्या चौकटीने एक गुलाबाचे झुडूप अर्धे झाकले आणि म्हणाली, झाकले गेले की ते आपोआप मागे जाते, त्याला वेगळे सांगावे लागत नाही. वाट तिने पायाशी रुंद आणि पुढे निमुळती केली. हे पाहून वहिनीने नाक मुरडले. वहिनी म्हणजे दादाची बायको. दुकानाचा गल्ला, गिऱ्हाइकांची सरबराई आणि घरातल्या सगळ्यांच्या चुका, असे तिन्ही कारभार ती एकटी सांभाळत असे.

“एवढी अरुंद वाट?” वहिनी म्हणाली. “टोकाला काय उंदरांनी चालायचं का?”

आत्याने तिला दुकानाच्या दारापर्यंत मागे नेले, एक डोळा मिटायला लावला आणि वळून पाहायला सांगितले. दोन्ही डोळ्यांनी पाहिले की ते एकमेकांना चुगल्या सांगतात आणि कापड पकडले जाते, असे तिचे म्हणणे होते. एकटा डोळा भोळा असतो. वहिनीने पाहिले. तिच्या चेहऱ्यावर काय उमटले ते मी पाहिले आणि त्या क्षणी मला कळले की माझ्यात बाग आहे.

मित्रांनो, मी त्या वेळी जे शिकलो ते सांगतो. माझ्यात लांबी मुळीच नाही. मी फक्त खुणा करतो. हे त्याच्या मागे आहे, हे फिके म्हणून दूर आहे, हे लहान म्हणून पलीकडे आहे, एवढेच मी सुचवतो. लांबी पाहणारा घेऊन येतो. आयुष्यभर रस्त्यांवरून चालून, मैदाने पाहून, घराकडे येणारी माणसे मोठी मोठी होताना पाहून त्याने ती साठवलेली असते आणि माझ्यासमोर आला की तो ती उदारपणे ओततो. मला या माणसांचे फार कौतुक वाटते. एका कापडासाठी ती केवढे करतात.

आत्याने मला वरून खाली रंगवत आणले होते. दाराच्या उंबऱ्यापर्यंत सगळे झाले. उंबऱ्याच्या खाली फरशी यायची होती, काळ्या आणि पिवळसर चौकोनांची, पाहणाऱ्याच्या पायापासून थेट दारापर्यंत जाणारी. ती तिने मुद्दाम शेवटी ठेवली होती, जेवताना आवडीचा घास शेवटी ठेवावा तशी.

तो घास राहूनच गेला. एका दुकानाच्या भिंतीवर पाटी रंगवण्याआधी ती जुना चुना खरवडत होती. त्याची भुकटी उडून तिच्या डोळ्यांत गेली. डॉक्टरांनी शर्थ केली. डावा डोळा वाचला, उजवा गेला.

परत आल्यावरची आत्या मला ओळखू येईना. चालताना तिचा हात सतत पुढे असे. उतरायची पायरी तिला सपाट वाटे आणि सपाट जागी ती पाय उचलून टाके. कपात चहा ओतायला जावे तर तो बशीबाहेर पडे. त्यावर ती स्वतःच विनोद करी, टेबलालाही तहान लागते म्हणे. लोक हसत. पण ब्रश हातात घेतला की तिचा चेहरा उतरत असे. ब्रशाचे टोक माझ्यापर्यंत पोचले की नाही तेच तिला कळत नव्हते. कधी ते हवेतच फिरे, कधी खसकन माझ्यावर आपटे आणि केस विस्कटत. दोनचार दिवस तिने झटापट केली. मग ब्रश धुतले, पुसले आणि डब्यात भरून ठेवले. दादाने काही विचारले नाही. त्याला विचारायचे धैर्य झाले नाही.

मग एक दिवस एक गंमत घडली. माझ्या शेजारीच अंधाऱ्या खोलीचे खरे दार होते. दादा तिथे फोटो धूत असे. आत्या त्याच्यासाठी चहा घेऊन आली. दुकानात एकच दिवा होता आणि तो माझ्यावर होता. ती तरातरा आली, दाराशी पोचली, उंबरा ओलांडायला पाय उचलला आणि तिचे कपाळ माझ्यावर आदळले. चहा माझ्या कोऱ्या भागावर सांडला. दादा धावत बाहेर आला. आत्या माझ्या समोर उभी होती, कपाळावर हात ठेवून. तिला लागले असेल, ती रडेल, असे दादाला वाटले असावे, कारण त्याने दोन्ही हात पुढे केले होते. ती हसायला लागली. हसता हसता खाली बसली.

“दादा,” ती म्हणाली, “मी काढलेल्या दारातून मीच आत निघाले होते.”

विचार करा, मित्रांनो. त्या दाराची रेघ न रेघ तिने ओढली होती. त्याच्या सावलीत कोणता रंग किती आहे हे तिला पाठ होते. आणि तरी ती फसली. माझा ऊर अभिमानाने भरून आला, हे मी लपवत नाही.

त्या दिवसापासून तिने एक नवीन खोड लावून घेतली. कुठेही जाण्याआधी ती थांबे आणि मान हळूच डावीउजवीकडे हलवी. खऱ्या दारासमोर मान हलवली की चौकट सरकते आणि मागचे काही झाकते, काही दाखवते. माझ्यासमोर कितीही मान हलवा, गुलाबाचे झुडूप तेवढेच अर्धे राहते. खरे जग असे चुळबुळ करते आणि चित्र शहाण्या मुलासारखे बसून राहते, हे तिने स्वतःच शोधून काढले. वहिनी तिला कबुतर म्हणू लागली. पण मान हलवून हलवून कबुतर चहा कपातच ओतू लागले, रस्ता ओलांडू लागले, बाजारात जाऊन भाजीही निवडून आणू लागले. एका डोळ्याने जगाच्या खुणा वाचायला ती शिकली होती.

ब्रशाचा डबा मात्र तिने उघडला नाही. पाहता येते म्हणजे काढता येते असे नाही, एवढेच ती म्हणाली. मी खाली कोराच राहिलो.

अशा अर्धवट अवस्थेत माझी कामाची वर्षे सुरू झाली. दादाने युक्ती काढली. माझ्या कोऱ्या भागापुढे एक बाक ठेवला, गिऱ्हाइकांना त्यावर बसवले आणि कॅमेरा त्यांच्या तोंडासमोर खाली आणून कमरेपर्यंतचेच फोटो काढले. लोकांना वाटले हीच या दुकानाची खासियत आहे. फार चांगले दिवस होते ते. ही बाग कुठे आहे, असे लोक विचारत आणि वहिनी गंभीर चेहऱ्याने सांगे की ती फक्त आमच्या गिऱ्हाइकांसाठीच उघडते. रांगणारी पोरे माझ्या कडेला जाऊन मागे डोकावत आणि भिंत पाहून हिरमुसत. एका बाईने माझ्यासमोर फोटो काढून परगावी कामाला असलेल्या नवऱ्याला पाठवला. तो सुट्टीवर आला तो तडक दुकानात. मी नसताना घर कधी बदलले, असे त्याला विचारायचे होते.

आत्या रोज दुकानात येत असे. गिऱ्हाइकांचे केस नीट करी, मुलांना हसवी. माझ्या बागेची कुणी तारीफ केली की ती खाली पाहत असे, बाकाच्या मागे, जिथे मी कोरा होतो. तिला काय वाटत असेल ते मला पुरेपूर कळत होते. आम्ही दोघेही अर्धेच राहिलो होतो.

पुढे काळ पालटला. लोकांना पायांपर्यंतचे फोटो हवेसे वाटू लागले. बाजारात छापील पडदे आले, धबधब्यांचे, महालांचे, चंद्राचे. दादाने एक धबधबा आणला. मला गुंडाळून माळ्यावर टाकले. माळ्यावरच्या दिवसांबद्दल काय सांगू? माझ्या पोटात बाग होती आणि बाहेर उंदीर होते. एका कोपऱ्याला त्यांनी कुरतडलेही. सर्वांत वाईट म्हणजे माझ्याकडे पाहणारे कुणी नव्हते. न पाहिलेल्या चित्रात वाट कुठेच जात नाही. गुंडाळलेला मी खरोखर नुसते कापड झालो होतो.

माझे नशीब फिरले ते एका पोक्त बाईमुळे. लग्न झाल्या झाल्या तिने नवऱ्यासोबत माझ्यासमोर फोटो काढला होता. आता तिला लेकी, जावई, नातवंडे अशा सगळ्या गोतावळ्याचा फोटो हवा होता, आणि तोही त्याच बागेसमोर. शिवाय या वेळी पायांपर्यंत. त्या वेळी नवऱ्याने मुद्दाम नवे बूट घातले होते आणि फोटोत ते आलेच नाहीत, हे तो अजून विसरलेला नाही, असे तिने सांगितले. दादाचा स्वभाव असा की त्याच्या तोंडून नाही हा शब्द निघत नसे. तो हो म्हणून बसला. ती बाई गेल्यावर त्याला आठवले की मला पायच नाहीत. मग तो खाली छापील फरशीचा तुकडा जोडण्याच्या गोष्टी करू लागला.

वहिनीने त्याला गप्प केले आणि आत्यासमोर जाऊन उभी राहिली. “फरशी रंगवायची आहे,” ती म्हणाली. “हो की नाही ते सांग. नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही.”

आत्याने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. तिचे केस पांढरे झाले होते. मग तिने विचारले, ब्रशांचा डबा कुठे आहे.

मला खाली उतरवून पुन्हा भिंतीवर ताणले. आत्याने माझ्यासमोर उभे राहून दाराच्या पलीकडे, वाटेच्या टोकावर एक खिळा ठोकला. त्याला दोरा बांधला, दोऱ्याला नीळ फासली आणि दोरा खाली ताणून टिचकी मारली. माझ्या कोऱ्या अंगावर निळी रेघ उमटली. मग दुसरी, तिसरी. सगळ्या रेघा त्या खिळ्याकडे धावत होत्या. रेघांचे हे काम दोऱ्याने झाले, पण रंग भरायला ब्रशच टेकवावा लागणार होता. आत्याने दिवा माझ्या बाजूला आणून ठेवला. आता ब्रश पुढे नेला की त्याची सावली माझ्यावर पडे आणि ब्रश जसा जवळ येई तशी सावली त्याच्या टोकाकडे सरके. टोक आणि सावली जिथे भेटली तिथे कापड. ही खूण तिला सापडली तेव्हा तिने ती कुणालाच सांगितली नाही. नुसता एक चौकोन भरला, मग दुसरा, आणि गुणगुणायला लागली. तिच्यासारखी कारागीर मी पाहिली नाही. जगाने तिच्याकडून एक वाट काढून घेतली होती आणि तिने सावलीला हाताशी धरून दुसरी पाडली होती. तिच्या हाताखाली माझे दालन पुढे पुढे सरकत पार माझ्या कडेपर्यंत आले.

गोतावळा दुसऱ्या दिवशी येणार होता. आदल्या दुपारी दादाने चाचणीचा फोटो काढायचे ठरवले. वहिनीला माझ्यापुढे उभे केले. दादा चांगला उंच माणूस, दुकानाच्या दारातून येताना मान तिरपी करून येणारा. उभ्या माणसांचा फोटो म्हणून त्याने कॅमेऱ्याची तिकाटी लांब केली, कॅमेरा आपल्या डोळ्याशी आणला आणि फोटो काढला. एव्हाना फोटो धुवावे लागत नव्हते, कॅमेऱ्याच्या पाठीवरच दिसत होते. दादाने तो पाहिला.

“छान आलाय,” तो म्हणाला.

आत्याने त्याचा आवाज ओळखला. ती वहिनीकडे वळली. वहिनीने फोटो पाहिला आणि तिलाही 'छान' म्हणावेसे वाटले. पण खोटे बोलणे तिला जमत नसे.

“फरशी उतरतेय गं,” ती हळू म्हणाली. “मी उतारावर उभी आहे आणि मागे घसरत बागेत जाणार, असं वाटतंय.”

आत्याने कॅमेरा हातात घेऊन पाहिले. खरेच तसे होते. तिने तो परत दिला. “मग डोळा गेलाच म्हणायचा,” ती म्हणाली. दादा घाईघाईने म्हणाला की हरकत नाही, आपण गुडघ्यापर्यंतच फोटो काढू, कुणाला काही कळणार नाही. तो तिला जपायलाच बोलला. पण मी तिच्या समोर होतो आणि ते शब्द तिला किती लागले ते मला दिसले. ती पदराला हात पुसत घरी गेली. माझ्यावर रंग अजून ओला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सर्वांच्या आधी आली. हातात बादली आणि फडके होते. मला सरसाचे रंग दिलेले, पाण्याने पुसले जाणारे. ती काय करायला आली आहे हे मी ओळखले. मला बोलता येत असते तर मी त्या दिवशी बोललो असतो.

फडके पिळून ती माझ्याकडे निघाली आणि मध्येच थांबली. शेवटचे एकदा पाहून घ्यावे असे वाटले असेल. ती मागे गेली, कॅमेऱ्याच्या तिकाटीजवळ उभी राहिली आणि पाहू लागली. तिच्या कपाळावर आठी पडली. ती पाहतच राहिली. इतक्यात दादा आला. बादली पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला.

“इथे उभा राहा,” आत्या म्हणाली. “एक डोळा मीट. काय दिसतं?”

“जाऊ दे ना, चिमणे.”

“काय दिसतं ते सांग.”

“उतरतेय,” दादा कसेबसे म्हणाला.

“मला सपाट दिसतेय.”

दादाने पुन्हा पाहिले. उतरतेय, तो म्हणाला. सपाट आहे, आत्या म्हणाली. दोघे लहानपणी भांडत असतील तसे भांडू लागले. किल्ल्यांचा जुडगा वाजवत वहिनी आली आणि सकाळी सकाळी काय चालले आहे ते ऐकून स्वतःच तिथे जाऊन उभी राहिली. तिने एक डोळा मिटला. मला थोडीशीच उतरती वाटते, ती म्हणाली, काल फोटोत होती तितकी नाही.

आत्याने आपल्याहून जराशीच उंच असलेल्या वहिनीकडे पाहिले. मग मान वर करून दादाकडे पाहिले. मग ती माझ्याकडे आली आणि वाटेच्या टोकावर, जिथे खिळा ठोकला होता, त्या भोकावर तिने बोट ठेवले. भोक नेमके तिच्या डोळ्यासमोर होते. तिने तो आपल्या डोळ्यासमोरच ठोकला होता. दुसरीकडे कुठे ठोकणार? दादा शेजारी येऊन उभा राहिला तेव्हा तेच भोक त्याच्या छातीशी आले.

हातातले फडके तिने बादलीत टाकले. दादाला पुन्हा तिकाटीपाशी नेले.

“वाक,” ती म्हणाली.

“माझी कंबर...”

“वाक म्हणते ना.”

दादा वाकला. गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत, एक डोळा मिटून तो तिच्या डोळ्याच्या उंचीला आला आणि त्याचे कण्हणे थांबले. मी त्याचा चेहरा पाहत होतो. मित्रांनो, माझ्यासमोर आयुष्यात इतकी माणसे आली, पण माझी फरशी सपाट होऊन थेट बागेपर्यंत गेलेली मी त्या एका चेहऱ्यावर पाहिली. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“तुला हे असं दिसतं?” त्याने विचारले.

“काय?”

“सगळंच. दुकान, रस्ता, माणसं. इथून?”

“इथूनच. दुसरं कुठून दिसणार?”

दादा सरळ झाला नाही. “आणि मी वरून बघून ठरवलं,” तो म्हणाला, “की तुझा डोळा गेला.”

आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. कदाचित लहानपणानंतर पहिल्यांदाच तिचा हात तिथवर सहज पोचला असेल. तिच्या त्या एका डोळ्यातून पाणी वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती. वहिनीने मात्र आपले डोळे पुसले आणि म्हणाली, “अहो, आता सरळ व्हा. गिऱ्हाईक दारात येऊन उभं आहे, त्यांना वाटेल फोटोग्राफर इथेच अडकला.”

तिकाटी आखूड झाली. कॅमेरा आत्याच्या डोळ्याशी आला. गोतावळा माझ्यापुढे उभा राहिला, नातवंडे पुढे, लेकी-जावई मागे, आणि मधोमध ती पोक्त बाई आपल्या नवऱ्यासोबत. नवऱ्याने बूट इतके चमकवले होते की त्यांत दिवा दिसत होता. फोटोत सगळे आले. बूट ठाम फरशीवर होते, मुलांच्या पायांची बोटे फरशीवर होती आणि त्यांच्या मागून फरशी शांतपणे दारापर्यंत गेली होती. दुकानात आलेल्या एका माणसाने तो फोटो पाहून आत्याला विचारले, हा बंगला कुणाचा. ती म्हणाली, माझा.

त्यानंतर आत्याने आणखी पुष्कळ पडदे रंगवले. ते दुसऱ्या दुकानांत गेले. मी इथेच राहिलो. आता माझे रंग उडाले आहेत आणि कडा विरल्या आहेत, पण अधूनमधून कुणीतरी माझ्यासमोर येऊन उभे राहते आणि माझ्यात बाग भरून जाते.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना घडी घालून ठेवू नका, गुंडाळून ठेवा. ओल लागू देऊ नका, उंदरांपासून वाचवा. हे तर मागायचेच. पण त्याहून मोठे एक मागणे आहे. एखादे चित्र तुम्हाला कधी वाकडे वाटेल, चुकलेले वाटेल. काढणाऱ्याला नावे ठेवण्याची घाई करू नका. जरा पुढे या, मागे जा, बाजूला सरका. प्रत्येक चित्रासमोर एक जागा असते, जिथे उभे राहून कुणीतरी तुमच्यासाठी जग पाहिलेले असते. ती जागा शोधा. ती सापडते. कधी कधी तिच्यासाठी थोडे वाकावे लागते, एवढेच.